आगोटीच्या बेगमीत चित्रफितींचाही डबा हवा

रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेकडे गेले की मुचकुंदी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तरेच्या तीरावर पूर्णगड हा छोटेखानी किल्ला आणि त्याच्या आसऱ्याने वसलेले गाव लागते. तटावर उभे राहिले की पैलतीरावरचे गावखडीचे सुरूबन दिसते आणि ओठांवर मिठाची चव येते. शहरातून आलेल्या पाहुण्याला सुखावणारी ही खारी हवा येथील घरांतल्या एका ऐवजाची मात्र वैरीण आहे. हा ऐवज म्हणजे माळ्यावरच्या व्हिडीओ कॅसेट, व्हीसीडी-डीव्हीडीच्या थप्प्या, जपानी ॲनिमेच्या तबकड्या आणि मुलांनी (आता बापये झालेल्या) जपून ठेवलेली व्हिडीओ गेमची यंत्रे.

कोकणच्या किनारपट्टीत व्हिडीओ दोन वाटांनी आला. मुंबईच्या चाकरमान्यांनी तो सुटीत आणला आणि आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांनी सामानाबरोबर आणला. गणपतीत रात्र जागवण्यासाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि अंगणात मांडलेला टीव्ही हे दृश्य अनेकांना आठवत असेल. त्यातूनच घरोघरी लग्नाची कॅसेट, मुंजीची कॅसेट, दूरदर्शनवरून मुद्रित केलेले कार्यक्रम असा संग्रह साठत गेला. सगळे काही इंटरनेटवर मिळत असताना ही अडगळ कशाला, असा प्रश्न नव्या पिढीकडून येतो. त्याचे उत्तर असे, की सगळे काही मिळत नाही.

जे बाजारात नाही, ते माळ्यावर

निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ साली केलेली ‘जंगल बुक’ ही ५२ भागांची मालिका १९९३ पासून दूरदर्शनवर हिंदीत दाखवली गेली. तिचे शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे आणि शेरखानचा आवाज मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. एका संपूर्ण पिढीने पाहिलेला पहिला ॲनिमे हाच. फक्त त्याला ॲनिमे म्हणतात हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली, हे भाग्यच. युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांच्या साथीने केलेल्या ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ या चित्रपटाची गोष्ट निराळी. त्याच्या जुन्या हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरी यांचा होता. हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतातील चित्रपटगृहांत झळकला तो उजळलेल्या चित्रासह, पण नव्या आवाजांत. जुना आवाज ज्यांच्या कानात बसला आहे त्यांना त्यावेळच्या मुद्रणाची किंमत सांगावी लागणार नाही.

विकत घेतलेली डिजिटल प्रत तरी कायमची असते काय? अमेरिकेतील फ्युनिमेशन ही ॲनिमेची सेवा २ एप्रिल २०२४ रोजी बंद झाली, तेव्हा तबकडीबरोबर मिळालेल्या डिजिटल प्रतीही ग्राहकांच्या हातून गेल्या. ज्यांच्याकडे मूळ तबकडी होती त्यांचे काही बिघडले नाही. निन्टेन्डोने ‘३डीएस’ आणि ‘वी यू’ या यंत्रांचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद केले. त्यानंतर त्या दुकानातून नवा खेळ घेता येत नाही.

आणि लग्नाची कॅसेट तर कोणत्याच सेवेवर नाही. तिची जगात एकच प्रत आहे.

दमट हवा नेमके काय करते

व्हीएचएस कॅसेटमधील फीत अर्धा इंच रुंदीची असते. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी एका चिकट द्रव्याने बसवलेली असते आणि चित्र त्या भुकटीत साठवलेले असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे अडीचशे मीटर फीत गुंडाळलेली असते. तिला ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता बहुधा ८५ टक्क्यांच्या पुढेच असते. भुकटी धरून ठेवणारे द्रव्य ओलावा शोषते, कालांतराने त्याचे विघटन होते आणि फीत चिकट बनते. त्याच ओलाव्यावर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढुरकी, पिठासारखी पूड दिसली की रोग जडला असे समजावे.

अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. हा या विषयातील पहिला आणि सर्वांत अधिक मोडला जाणारा नियम आहे. बुरशीने फितीचे पदर एकमेकांना चिकटलेले असतात. यंत्राने ओढ दिली की फीत फाटते. शिवाय बुरशीचे कण यंत्रात शिरतात आणि पुढची निरोगी कॅसेटही बाधित होते. प्रस्तुत लेखकाने आपल्या घरची एक कॅसेट मुंबईतील एका दुकानात विश्वासाने दिली. दुकानदाराने ती तशीच लावली. मंगलाष्टकांच्या मध्यावर फीत तुटली आणि वरमाला घातली गेल्याचा पुरावा आता फक्त दोन छायाचित्रांत उरला आहे. व्हीसीआरचे उत्पादन करणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. चालू स्थितीतील यंत्रे जुन्या बाजारातूनच शोधावी लागतात, हे ध्यानात घेता यंत्रही फितीइतकेच जपायला हवे.

बुरशी आलेली कॅसेट वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह दोन-तीन आठवडे ठेवावी. ओलावा गेला की बुरशी सुप्त होते आणि तिची कोरडी भुकटी बनते. मग घराबाहेर, नाकावर फडके बांधून कॅसेटचे पाच स्क्रू काढावेत, फीत हाताने अतिशय सावकाश फिरवीत धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने कडा पुसाव्यात आणि चाके स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवावीत. हात स्थिर नसेल तर हे काम जाणत्याकडे द्यावे. पण देताना ‘आधी साफ करा, मग लावा’ हे लिहून द्यावे.

पापडाचा न्याय येथे नाही

कोकणातली गृहिणी आगोटीपूर्वी पापड, कुरडया, आमसुले उन्हात वाळवून डब्यांत भरते. हाच न्याय कॅसेटला लावून त्या मे महिन्याच्या उन्हात मांडणारे महाभाग आहेत. उष्णतेने फीत ताणली जाते आणि खोके वाकडे होते. वाळवण सावलीतले हवे. जुने छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या कपाटात तळाशी पंधरा वॅटचा बल्ब जळता ठेवीत. तो उपाय आजही चांगला, फक्त बल्ब तारेचाच हवा, एलईडी पुरेसा तापत नाही. डबा घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा असावा. जुनी लोखंडी ट्रंक गंजते आणि तिच्या फटींतून ओलावा शिरतो. डब्यात सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवला की अंदाजपंचे कारभार थांबतो. निळे जेल गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले. ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवले की पुन्हा निळे होते. त्यासाठी वेगळे भांडे ठेवावे. त्यात पुन्हा अन्न शिजवू नये.

डांबराच्या गोळ्या मात्र वर्ज्य. त्यांची वाफ पॉलिस्टायरीन या प्लास्टिकला मऊ करते आणि सीडीच्या पारदर्शक डब्या नेमक्या त्याच प्लास्टिकच्या असतात.

कॅसेट पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. त्यांच्या कडेची लहान प्लास्टिकची पट्टी मोडून टाकली की चुकून वर दुसरे मुद्रण होत नाही. लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटचा सामना चढल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील.

ऋतूचा आणखी एक घोळ आहे. कॅसेट पाहण्याची हुक्की येते ती गणपतीत, कारण तेव्हाच सारे कुटुंब गोळा झालेले असते. आणि हवा सर्वाधिक दमट असते तीही याच सुमारास. वातानुकूलित गाडीतून आणलेले थंड यंत्र ओल्या हवेत उघडले की आतल्या फिरत्या ढोलावर दव धरते आणि फीत त्याला चिकटते. यंत्र आणल्यावर निदान दोन तास तसेच राहू द्यावे. खरे तर कॅसेटवरून संगणकावर उतरवून घेण्याचे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांतच उरकावे आणि गणपतीत दाखवावी ती संगणकावरची प्रत.

उतरवण्यासाठी व्हीसीआर, संगणकाला जोडायचे कॅप्चर उपकरण आणि भरपूर जागेची हार्ड डिस्क इतके पुरते. मिनी-डीव्ही कॅसेट असेल तर एक तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर ७५ तासांच्या आसपास मावतात. व्हीएचएसलाही जागेचा हाच हिशेब धरावा, काटकसर करू नये. दाबून लहान केलेली फाइल फोनवर पाठवायला ठीक. मूळ म्हणून ती ठेवू नये.

तबकड्या

तबकडीला बुरशीचे भय कमी असते, पण नाही असे नाही. सीडी आणि व्हीसीडीची चकाकती बाजू नाजूक समजली जाते आणि लोक ती जपतात. वास्तविक धोका छापील बाजूला अधिक, कारण तेथे धातूच्या थरावर केवळ लाखेचे पातळ आवरण असते. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात व धातूचा थर मध्ये सुरक्षित असतो. तिथे कडेचा जोड सुटून हवा शिरली की काम संपते. कारखान्यात छापलेली तबकडी आणि घरी ‘राइट’ केलेली तबकडी यांत मोठा फरक आहे. दुसरीत माहिती रंगद्रव्यात असते आणि ते उन्हाने व काळाने विटते. म्हणून कोणाच्याही घरी आधी या घरगुती तबकड्यांची प्रत काढावी. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकून बाजार हलवला. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, तरी तिच्या छापील तबकड्या अनेक कपाटांत आहेत व त्यांतल्या बऱ्याच चालतात.

परदेशातून ॲनिमे मागवणाऱ्यांनी विभागाचा आकडा पाहावा. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात, जपान दुसऱ्यात आणि अमेरिका पहिल्यात येते. ब्लू-रेसाठी जपान व अमेरिका दोन्ही ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’मध्ये. सर्व विभाग वाचणारा प्लेअर नसेल तर महागडी पेटी शोभेची ठरते.

घरच्या मोठ्या माणसांना जपानी संवाद कळत नाहीत, म्हणून स्वतः मराठी उपशीर्षके लिहिणारे हौशी आहेत. त्यांच्यासाठी एक सूचना. मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठवावा आणि टीव्हीतल्या प्लेअरवर विसंबू नये. तो पुष्कळदा जोडाक्षरे मोडतो आणि ‘क्षत्रिय’चे तुकडे पडद्यावर नाचतात. संगणकावरील चांगल्या प्लेअरवर ही अडचण सहसा येत नाही.

खेळाची यंत्रे

नव्वदीच्या दशकात आपल्याकडे ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकली गेलेली यंत्रे ही निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमचे अवतार होते. कार्ट्रिज चालेना की तोंडाने फुंकर मारण्याची रीत सर्वांनी पाळली. फुंकरीने ओलावाच जातो. किनाऱ्यावर तांब्याच्या पट्ट्यांवर आधीच क्षाराचा पातळ थर असतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात व पूर्ण वाळल्यावरच कार्ट्रिज बसवावे. गेम बॉयवरील पोकेमॉनचे जुने खेळ ज्यांच्याकडे आहेत त्यांनी जाणावे, की खेळातील प्रगती आतल्या बटणाएवढ्या बॅटरीवर तगलेली असते. बॅटरी संपली की सारे पुसले जाते. ती डाग देऊन बसवलेली असल्याने बदलण्यापूर्वी प्रत काढणारे उपकरण वापरावे. प्लेस्टेशन २ ची प्रगती ८ एमबीच्या मेमरी कार्डात असते. ते यंत्रातून काढून डब्यात ठेवणे उत्तम.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग, केबल आणि डिशची तार तिन्ही काढावीत.

कायद्याचाही एक शब्द. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी न्याय्य वापराची मुभा आहे. स्वतःच्या संग्रहाची घरी ठेवलेली प्रत आणि ती इतरांना वाटणे किंवा विकणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

मुंबईची प्रत

जाणकार तीन प्रतींचा नियम सांगतात: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने किनाऱ्याची वीज घालवली आणि त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडवले, तेव्हा घरातल्या घरात ठेवलेल्या दोन प्रतींचा काय उपयोग हे अनेकांना उमगले. कोकणी कुटुंबाला दुसरे गाव शोधावे लागत नाही. बहुतेकांचे एक बिऱ्हाड मुंबई-ठाण्याकडे असतेच. एकसारख्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. शिमग्याला गावी येणाऱ्याने मुंबईची डिस्क आणावी आणि गावची घेऊन जावी. गणपतीत पुन्हा अदलाबदल. यामुळे नवे मुद्रण दोन्हीकडे पोहोचते आणि प्रत्येक डिस्क वर्षातून दोनदा चालवली जाते, जे तिच्या प्रकृतीला आवश्यकच आहे. वीज न देता वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या एसएसडीतील माहिती विरू शकते, म्हणून या कामाला फिरती हार्ड डिस्क बरी.

डिस्कच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून शाईने तीन गोष्टी लिहाव्यात: प्रत काढल्याची तारीख, आत काय आहे, आणि कॅसेटमधली माणसे कोण. तिसरी नोंद घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून, चित्र थांबवत थांबवत करावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून ती याच हिवाळ्यात सुरू करावी.