वाळवंटातला उरूस : नासेर खमीर यांची चित्रत्रयी

उरूस हा शब्द मराठीला परका नाही. खुलताबादपासून गावोगावच्या दर्ग्यांपर्यंत दरवर्षी भरणाऱ्या जत्रेला आपण उरूसच म्हणतो. मात्र मूळ अरबी ‘उर्स’चा अर्थ लग्न. संताच्या पुण्यतिथीला लग्न म्हणायचे, कारण सूफींच्या लेखी मृत्यू म्हणजे जिवाचे परमप्रियाशी मीलन. ही कल्पना ट्युनिशियाचे दिग्दर्शक नासेर खमीर यांनी २००५ साली ‘बाब अझीझ’ या चित्रपटाच्या केंद्रस्थानी ठेवली. या चित्रपटाच्या देखणेपणाचे कौतुक पुष्कळ झाले. तो ज्या काळात आला, त्या काळाशी त्याचे नाते काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

खमीर यांचा जन्म १९४८ साली कोर्बा या गावी झाला. चित्रकार, शिल्पकार आणि कथेकरी अशी त्यांची ओळख. पॅरिसच्या रंगमंचावर त्यांनी ‘अरबी रात्रीं’च्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांच्या वाळवंट-त्रयीतला पहिला चित्रपट १९८४चा ‘अल-हाइमून’. या शब्दाच्या मुळाशी भटकणे आणि प्रेमाने वेडे होणे हे दोन्ही अर्थ आहेत. लैलासाठी रानोमाळ हिंडणारा मजनू सूफी कवींना ईश्वराच्या शोधाचे प्रतीक वाटला, तो याच जोडअर्थामुळे. १९९१चा दुसरा चित्रपट प्रेमासाठीचे शब्द गोळा करणाऱ्या सुलेखनाच्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्याचे नाव अकराव्या शतकातील कॉर्डोव्हाच्या इब्न हज्मच्या प्रेमविषयक ग्रंथाची आठवण देते.

‘बाब अझीझ’ची पटकथा खमीर यांनी तोनिनो ग्वेर्रा यांच्यासह लिहिली. फेलिनी, अंतोनियोनी आणि तारकोव्हस्की यांच्यासाठी लिहिणारे ते हेच. चित्रीकरण इराण आणि ट्युनिशियात झाले. चित्रपटात फारसी आणि अरबी दोन्ही भाषा आहेत. सूफी परंपरा कोणा एका देशाच्या मालकीची नाही, हे त्यातून न बोलता सांगितले जाते.

कथानक थोडक्यात असे : आंधळे दरवेश बाब अझीझ आणि त्यांची नात इश्तार वाळवंटातून दरवेशांच्या मेळ्याला निघाले आहेत. मेळा तीस वर्षांतून एकदा भरतो. कुठे, ते कोणालाच माहीत नाही. चालत राहिले की वाट सापडते, एवढाच आजोबांचा भरवसा. वाटेत ते नातीला पाण्याकाठी बसून स्वतःच्या आत्म्यात हरवलेल्या राजपुत्राची गोष्ट सांगतात. या राजपुत्राचे चित्र बाराव्या शतकातील एका इराणी तबकावरून सुचले, असे खमीर यांनी सांगितले आहे. गोष्टीत गोष्ट उघडत जाते. प्रेयसीला शोधणारा गायक भेटतो, तसाच भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला तरुणही. ही रचना अत्तार यांच्या बाराव्या शतकातील ‘मन्तिकुत्तैर’ची आठवण करून देते. त्यात सिमुर्ग पक्ष्याच्या शोधात निघालेले पक्षी शेवटी तीसच उरतात, आणि फारसीत ‘सी मुर्ग’ म्हणजेच तीस पक्षी. ज्याला शोधायला निघालो, ते आपणच, हा बोध चित्रपटात राजपुत्राच्या गोष्टीतून उलगडतो.

आक्षेप घ्यायला जागा आहे. या वाळवंटात तेल नाही, पोलीस नाहीत, सरकार नाही. परदेशी प्रेक्षकाला हवा तसा गूढ पूर्व यात सापडतो, असे म्हणता येईल. पण खमीर यांनी हा चित्रपट ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या जगात केला, हे ध्यानात घ्यायला हवे. आपला हेतू सांगताना त्यांनी दृष्टांत दिला : सोबत चालणारा बाप चिखलात पडला, तर मुलगा त्याला उठवून सदऱ्याने त्याचे तोंड पुसेल. चिखलाने माखलेला तो चेहरा त्यांच्या मते इस्लामचा होता. त्यामुळे या चित्रपटातले सौंदर्य ही पळवाट नाही. वारशावरचा आपला हक्क त्यात सांगितला आहे.

हा हक्क सांगणे किती निकडीचे होते, ते पुढच्या काही वर्षांत दिसले. २०१२ साली टिंबक्टू येथील सूफी संतांच्या कबरी कुदळींनी फोडण्यात आल्या. जानेवारी २०१३मध्ये खमीर यांच्याच देशात सीदी बू सईद यांच्या समाधिस्थळाला आग लागली. कबरीपुढे झुकणे हा धर्मद्रोह, अशी कबरी फोडणाऱ्यांची धारणा होती. म्हणजे वाद मृत्यूच्या अर्थाचाही होता. ‘बाब अझीझ’चे उत्तर शेवटच्या भागात आहे. म्हातारा दरवेश वाळूत आपल्या लग्नाची तयारी करतो, आणि सूडाने पेटलेला तरुण त्याच्या मृत्यूनंतर त्याचीच वस्त्रे अंगावर चढवतो. त्या वस्त्रांसोबत सूड मागे पडतो.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ ज्या भाषेत लिहिला गेला, त्या भाषेच्या वाचकाला हा बदल अनोळखी वाटू नये. उरूस हा शब्द आपण रोज वापरतो. त्यातले लग्न मात्र विसरलो आहोत. त्याची आठवण एका ट्युनिशियन चित्रपटाने करून द्यावी, यात आपल्याही इतिहासाचा एक न वाचलेला भाग आहे.