कुत्र्याचा खुबा आणि शल्यवैद्याची सुरी



दारात राखणीला बसणारा धिप्पाड कुत्रा सकाळी उठताना कण्हू लागतो, पायरी चढायला कचरतो, पळताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकतो. आपण म्हणतो, कुणीतरी काठी घातली असेल, नाहीतर वय झालं! पुष्कळ काळ जाणकारही असंच म्हणत. १९३५ साली अमेरिकेतील बोस्टनचे पशुवैद्य गेरी श्नेल यांनी हा खुब्याचा स्वतंत्र विकार म्हणून प्रसिद्ध केला. आज त्याला ‘हिप डिस्प्लेसिया’ म्हणतात.

खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. वाटी कमरेच्या हाडाची, गोळा मांडीच्या हाडाचा. पिल्लू जन्मतं तेव्हा सांधा बहुधा चांगला दिसतो. वाढीच्या महिन्यांत तो सैल पडतो. आसावर सैल बसलेलं गाडीचं चाक डगमगत जातं आणि आसही झिजवतं, तसंच इथे होतं. अल्सेशियन, लॅब्राडोर, सेंट बर्नार्ड अशा भारी जातींत हे अधिक.

मग शल्यवैद्य पुढे आले. पहिला उपाय धाडसी, पण साधा होता. घासणारा गोळाच कापून काढायचा! ऑक्सफर्डचे गर्डलस्टोन माणसाच्या क्षयाने सडलेल्या खुब्यावर असं करीत. १९६१ साली ब्रिटनमध्ये ऑर्मरॉड यांनी कुत्र्यांवरील अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत दिला. हाडाला हाड घासेनासं झालं की वेदना थांबते आणि स्नायूंच्या आधाराने कामचलाऊ सांधा तयार होतो. लहान कुत्र्याला हे उत्तम मानवतं, जड कुत्र्याला तितकंसं नाही.

१९६९ मध्ये दुसरी वाट निघाली. सांधा झिजण्यापूर्वीच कोवळ्या कुत्र्याच्या कमरेचं हाड कापून वाटी गोळ्यावर कलती करायची. तिसरी वाट सांधाच बदलण्याची. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी १९६२ पासून माणसाला धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवून नवे पाय दिले. १९७४ मध्ये कुत्र्यांना असा संपूर्ण खुबा बसवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. खर्च मोठा, कसब मोठं. पण खुरडणारा कुत्रा पुन्हा धावू लागला.

इथे मात्र गोष्ट संपत नाही. सुरीने त्या एका कुत्र्याचा सांधा सुधारतो, त्याचं रक्त बदलत नाही. हा दोष बराचसा आनुवंशिक आहे. शस्त्रक्रियेनंतर ऐटीत चालणारा कुत्रा पाहून मालकाने त्याची पैदास केली, तर लंगडेपणा लपला आणि पिल्लांच्या वाट्याला गेला, असंच ना? म्हणून १९६६ साली अमेरिकेत एक प्रतिष्ठान स्थापन झालं. कुत्रा दोन वर्षांचा झाला की त्याच्या खुब्याचं क्ष-किरण छायाचित्र तिथले जाणकार पाहतात आणि निर्वाळा देतात. पैदास त्यानंतर करावी, हा हेतू.

आपला शेतकरी बी पेरण्याआधी ते पारखतो, वळू निवडताना त्याची आई किती दूध देत होती ते विचारतो. तोच शहाणपणा कुत्र्याच्या बाबतीत का नसावा? पिल्लू घेताना आईबापांचे खुबे तपासले का, हे जरूर विचारा. लंगडणाऱ्या जनावराला हाकलून देऊ नका, पशुवैद्याला दाखवा. त्याला वेदनेतून सोडवणं हे आपलं कर्तव्यच आहे. पण त्याची पैदास मात्र करू नका. पुढच्या पिढीवर सुरी धरायची वेळच येऊ नये, हाच या इतिहासाचा धडा.