शरियत, रूढी आणि मुलीचा वाटा

वाचकहो, मुसलमान समाजात वारसा म्हटला की तो कुराणाप्रमाणेच चालत आला असणार, असे आपण सहज धरून चालतो. वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी हेच उत्तर देतात. इतिहास मात्र इतका सरळ नाही. त्याचा एक चांगला दाखला आपल्या मुंबईतच सापडतो.

साल १८४७. मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे दोन दावे एकत्र सुनावणीस आले. एक खोजा जमातीतला, हिरबाईचा. दुसरा कच्छी मेमन जमातीतला, रहिमतबाईचा. मागणी एकच : बापाच्या मिळकतीत कुराणाने मुलीला वाटा दिला आहे, तो आम्हांला मिळावा. हा वाटा म्हणजे मुलाच्या निम्मा. समोरच्या पक्षाचे उत्तरही सरळ होते. आमच्या जमातीत मुलीला वाटा देण्याची चालच नाही. तिला अन्नवस्त्र आणि लग्नाचा खर्च मिळतो, तेवढ्यावर तिचा हक्क संपतो.

ही चाल आली कुठून? खोजे आणि मेमन हे मूळचे सिंध, कच्छ, काठेवाड या भागांतले. त्यांचे पूर्वज बहुतांशी लोहाणा वगैरे हिंदू व्यापारी जातींतले. धर्म बदलला, पण घरातला व्यवहार जुनाच राहिला. व्यापारी घराण्याची पेढी म्हणजे घराण्याचे भांडवल. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाणार, तिच्याबरोबर भांडवल कशाला जाऊ द्यायचे, असा हा हिशेब होता.

न्यायासनावर सर अर्स्किन पेरी होते. कोर्टाच्या १८२३ च्या सनदेत असे म्हटले होते की मुसलमानांचे वारशाचे तंटे मुसलमानांच्या कायद्याप्रमाणे व रूढीप्रमाणे तोडावेत. पेरी यांनी या शब्दांचा अर्थ असा लावला, की लोकांचा चालत आलेला व्यवहार मोडू नये हा सनदेचा हेतू आहे. कुराणातले प्रत्येक वचन कोर्टाने बळाने लागू करावे, हा नव्हे. जुनी, सर्वमान्य रूढी हिंदूंच्या बाबतीत चालते, तर मुसलमानांच्या बाबतीत का चालू नये? निकाल रूढीच्या बाजूने लागला. मुली हरल्या.

आता इथे जरा थांबा आणि एक गोष्ट पाहा. रूढी कोर्टात सिद्ध होते ती साक्षीने. मग जमातीची चाल काय आहे, हे सांगायचे कोणी? अर्थातच जमातीतल्या वजनदार शेठियांनी. ज्यांच्या तिजोरीत वाटा राहणार, त्यांच्याच शब्दाला रूढीचा मान मिळाला.

दुसऱ्या बाजूचे राजकारणही लक्षात घ्या. इराणातून आलेले पहिले आगाखान हसन अली शाह या सुमारास मुंबईच्या खोजांवर आपला धार्मिक अधिकार बसवीत होते, आणि काही श्रीमंत कुटुंबे त्यांना विरोध करीत होती. या दाव्यात आगाखानांचा कल कुराणाच्या, म्हणजे मुलींच्या बाजूला होता. विरोधक रूढीच्या बाजूला. पुढे १८६६ साली हाच तंटा मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्यापुढे आला. त्या वेळी विरोधी गट म्हणू लागला, की आम्ही खोजे मुळापासून सुन्नी आहोत आणि जमातखान्याची मिळकत सुन्नी खोजांची आहे! कोर्टाने जमातीचा इतिहास तपासला, जमातीत वाचल्या जाणाऱ्या ‘दसावतार’ या ग्रंथाचाही विचार केला, आणि खोजे हे आगाखानांना मानणारे शिया इस्माइली आहेत असा निर्णय दिला. आगाखान जिंकले. पण मुलीचा प्रश्न १८४७ सालच्या निकालाने जिथे ठेवला, तिथेच राहिला.

असेच पंजाबातही चालले होते. तिथे १८७२ च्या कायद्याने रूढीला पहिला मान दिला आणि जमीनदार घराण्यांत मुली जमिनीपासून दूर राहिल्या. म्हणून १९३७ साली मध्यवर्ती कायदेमंडळात शरियत कायदा आला, तेव्हा रूढीने स्त्रियांवर होणारा अन्याय हे त्यामागचे एक कारण म्हणून उघड सांगितले गेले. या कायद्याने रूढी बाजूला सारली. पण पुरती नव्हे, बरे का! शेतजमीन वगळली. ती प्रांतांच्या अखत्यारीत होती हे खरे. पण पंजाबी जमीनदारांना ते सोयीचेही होते. दत्तक, मृत्युपत्र आणि मृत्युपत्राने दिलेली देणगी या बाबी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडल्या. ही सवलत जिनांच्या दुरुस्तीने आली, आणि जिना स्वतः खोजा घराण्यातले होते. कच्छी मेमनांना मात्र १९३८ च्या वेगळ्या कायद्याने वारशाच्या बाबतीत पूर्णपणे मुसलमानी कायदा लागू झाला.

यावरून ‘रूढी वाईट, शरियत चांगली’ असा सोपा धडा काढू नका. उत्तर मलबारातल्या मोपल्यांकडे पाहा. तिथल्या अनेक घराण्यांत मिळकत आईच्या वंशाने चालत असे. घराचा कारभार पुरुषाकडे असला तरी घराण्याचा धागा बाईचा. तिथे रूढी हाच स्त्रीचा आधार होता, आणि शरियतची मागणी करीत होते ते आपल्या बायकामुलांना मिळकत देऊ पाहणारे पुरुष. १९३९ च्या मद्रासच्या कायद्याने या घराण्यांच्या वाटणीला वाट करून दिली.

शेतजमिनीचा अपवादही पुढे सगळीकडे टिकला नाही. पश्चिम पंजाबने, म्हणजे पाकिस्तानातल्या पंजाबने, तो १९४८ साली काढला; मद्रासने १९४९ साली आणि केरळने १९६३ साली.

तेव्हा वाचकहो, ‘आमचा धर्म असे सांगतो’ किंवा ‘आमच्यात अशी चाल आहे’ हे वाक्य कानी पडले, मग ते कोणत्याही जमातीचे असो, की दोन साधे प्रश्न विचारा. ‘आमचा’ म्हणणारा हा कोण? आणि तो म्हणतो तसे झाले तर वाटा कोणाच्या हातून सुटणार? हिरबाई आणि रहिमतबाई यांना कोर्टात न्यायाधीशाचे ज्ञान कमी पडले नाही. कमी पडले ते एवढेच, की जमातीची चाल सांगताना त्यांचा शब्द जमातीचा शब्द म्हणून कोणी धरला नाही.