उडत्या बाँबविरुद्ध ब्रिटनचे हवाई संरक्षण

उडत्या बाँबविरुद्ध ब्रिटनचे हवाई संरक्षण (१९४४-४५) : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात जर्मनीने लंडनवर सोडलेल्या व्ही-१ या वैमानिकरहित अस्त्रांचा प्रतिकार करण्यासाठी ब्रिटनने उभारलेली यंत्रणा. व्ही-१ हा आधुनिक क्रूझ क्षेपणास्त्राचा पूर्वज असल्यामुळे अशा अस्त्रांविरुद्ध हवाई संरक्षण कितपत परिणामकारक ठरते, याची पहिली मोठी कसोटी या मोहिमेत लागली.

सु. ८ मी. लांबीच्या या बाँबमध्ये सु. ८५० किग्रॅ. स्फोटके असत. स्पंद झोत एंजिनामुळे त्यास ताशी सु. ६०० किमी. वेग मिळे. दिशा राखण्यासाठी घूर्णी व होकायंत्र आणि अंतर मोजण्यासाठी नाकावरील लहानसा पंखा, एवढीच त्याची मार्गदर्शन यंत्रणा होती. त्यामुळे नेम ढोबळ असे. परंतु लंडनएवढ्या विस्तीर्ण लक्ष्यासाठी तो पुरेसा होता.

१३ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीतील अवतरणानंतर एका आठवड्याने, पहिले बाँब आले. सोडलेल्या दहांपैकी चारच इंग्लंडला पोहोचले व पूर्व लंडनमध्ये सहाजण ठार झाले. खरा भडिमार १५ जूनच्या रात्रीपासून सुरू झाला. १८ जून रोजी वेलिंग्टन बॅरॅक्समधील गार्ड्स चॅपेलवर रविवारची प्रार्थना चालू असताना बाँब पडून १२१ सैनिक व नागरिक मृत्युमुखी पडले.

आरंभीची संरक्षणरचना तीन पदरी होती. खाडीवर व केंट परगण्यावर लढाऊ विमाने, त्यांच्यामागे नॉर्थ डाउन्स टेकड्यांवर विमानविरोधी तोफा आणि लंडनलगत पोलादी तारांनी जखडलेले फुगे. ही रचना कागदावर निर्दोष होती, व्यवहारात मात्र ती अडखळली. किनारा ओलांडल्यापासून लंडन गाठण्यास बाँबला दहा मिनिटांहून कमी वेळ लागे. तो ज्या उंचीवरून येई ती हलक्या तोफांना जास्त व अवजड फिरत्या तोफांना गैरसोयीची होती. या तोफा हाताने इतक्या जलद वळवता येत नसत. पाठलाग करणारी विमाने तोफांच्या पट्ट्यात शिरली की तोफांना गप्प बसावे लागे. शिवाय जमिनीवर पाडलेला बाँब केंटमधील खेड्यांवर कोसळे. १५ जुलैपर्यंत विमानांनी ९०० हून अधिक बाँब पाडले, तर तोफांनी केवळ सु. २६०.

संरक्षणप्रमुख एअर मार्शल रॉडरिक हिल व विमानविरोधी तोफदलाचे प्रमुख जनरल फ्रेडरिक पाइल यांनी १३ जुलै रोजी सर्व तोफा किनाऱ्यावर हलविण्याचे ठरविले. हवाई मंत्रालयाची पूर्वसंमती न घेता हिल यांनी हा निर्णय घेतला व त्याची जबाबदारी त्यांच्यावरच राहील, अशी समज त्यांना नंतर देण्यात आली. सु. २३,००० स्त्री-पुरुषांसह अवजड तोफा अवघ्या चार दिवसांत सेंट मार्गारेट्स बे ते कक्मिअर हेवन या पट्ट्यात आल्या. फिरत्या तोफांच्या जागी यंत्राने वळणाऱ्या स्थिर तोफा आणल्या गेल्या. त्यांना काँक्रीटचा पाया घालण्याइतका अवधी नसल्याने लोहमार्गाचे रूळ व स्लीपर यांच्या तात्पुरत्या बैठकींवर त्या बसविल्या. आता तोफांपुढे मोकळा समुद्र होता. त्यामुळे अमेरिकन एससीआर-५८४ रडार, लक्ष्याच्या पुढील स्थानाचे गणित करणारे विद्युत् यंत्र आणि लक्ष्याजवळ येताच गोळ्याचा आपोआप स्फोट घडविणारा रेडिओ-फ्यूज ही तिन्ही साधने एकत्र वापरता आली. न फुटलेला गोळा वस्तीवर पडण्याचे भय उरले नाही.

पहिल्या आठवड्यात तोफांनी त्यांच्या टप्प्यातील १७ टक्के बाँब पाडले. ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात हे प्रमाण ७४ टक्क्यांवर गेले. २८ ऑगस्ट रोजी आलेल्या नव्वदाहून अधिक बाँबपैकी चारच लंडनला पोहोचले. याचे श्रेय पुष्कळदा केवळ रेडिओ-फ्यूजला दिले जाते, ते अपुरे आहे. तोफांची जागा बदलली नसती तर तो फ्यूज वापरताच आला नसता.

तथापि हे यश उशिरा आले. संपूर्ण मोहिमेत ३,९५७ बाँब नष्ट झाले (विमाने १,८४७, तोफा १,८७८, फुगे २३२), तरी २,४१९ लंडनवर पडले. ६,१८४ नागरिक ठार व सु. १८,००० गंभीर जखमी झाले. ब्रिटनच्या ताब्यातील दुहेरी हेरांकरवी जर्मनांना खोटी माहिती पुरवून बाँब मध्य लंडनच्या अलीकडे पाडण्याचाही प्रयत्न झाला. एका वस्तीवरील संकट दुसरीवर ढकलण्यास गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांचा विरोध होता. दक्षिणेकडील क्रॉयडनला सर्वाधिक मारा सोसावा लागला, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

व्ही-१ काहीशे मीटर उंचीवरून, सरळ रेषेत येई. रडारला तो दुरून दिसे. पुढील काळातील क्रूझ क्षेपणास्त्रांनी ही सवलत ठेवली नाही. पन्नास मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमिनीवरील रडारला सु. ४० किमी. अंतरावरच दिसू लागते व प्रतिकारास तीन मिनिटेही मिळत नाहीत.

सप्टेंबरच्या आरंभी फ्रान्समधील प्रक्षेपणतळ दोस्तांच्या हाती पडले. ७ सप्टेंबर रोजी डंकन सँडिस यांनी लंडनची लढाई जवळजवळ संपल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी चिझिक येथे व्ही-२ हे ध्वनीहून वेगवान रॉकेट कोसळले. त्याच्यापुढे तोफा, विमाने व फुगे सारखेच निरुपयोगी होते. उडते बाँबही थांबले नाहीत. जर्मनांनी ते हाइंकेल विमानांतून उत्तर समुद्रावर सोडण्यास सुरुवात करून किनाऱ्यावरील पट्ट्याला बगल दिली, त्यामुळे तोफा पूर्व किनाऱ्याकडे पसरवाव्या लागल्या. २४ डिसेंबर १९४४ रोजी अशाच रीतीने मँचेस्टरच्या परिसरावर हल्ला झाला. इंग्लंडमध्ये अखेरचा उडता बाँब २९ मार्च १९४५ रोजी पडला.