लंडन ते पॅरिस : अंतर, उड्डाणाची वेळ आणि प्रवासाचा कालावधी

ब्रिटनची राजधानी लंडन आणि फ्रान्सची राजधानी पॅरिस या शहरांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३४४ किलोमीटर आहे. मध्ये इंग्लिश खाडी असल्याने रस्त्याने हे अंतर सुमारे ४६० किलोमीटर, तर रेल्वेने ४९२ किलोमीटर भरते.

या दोन शहरांदरम्यान २५ ऑगस्ट १९१९ रोजी दैनंदिन विमानसेवा सुरू झाली. लंडनच्या हाउन्स्लो हीथ विमानतळावरून निघालेल्या विमानाला पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर पोहोचण्यास त्या वेळी सुमारे अडीच तास लागले होते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर अर्ध्या तासाच्या आतच कापता येईल. तथापि, हीथ्रो ते शार्ल द गोल या प्रवासासाठी वेळापत्रकात साधारणपणे सव्वा तासाचा अवधी दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाच्या परवानगीची प्रतीक्षा, उंची गाठणे आणि उतरताना वेग कमी करणे यांत बराच वेळ खर्च होतो. शिवाय, दोन्ही विमानतळ शहराच्या मध्यभागापासून सुमारे २५ किलोमीटर दूर आहेत. तेथवरचा प्रवास, सुरक्षा तपासणी आणि पारपत्र तपासणी विचारात घेतल्यास एकूण प्रवास चार ते पाच तासांचा होतो.

इंग्लिश खाडीखालील ५०.४५ किलोमीटर लांबीच्या बोगद्याचे उद्घाटन ६ मे १९९४ रोजी झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोस्टार ही प्रवासी रेल्वेसेवा सुरू झाली. ब्रिटनमधील अतिजलद लोहमार्ग २००७ मध्ये पूर्ण झाल्यावर सर्वांत वेगवान गाडीचा प्रवास सुमारे सव्वादोन तासांवर आला. गाडी एका शहराच्या मध्यातून निघून दुसऱ्याच्या मध्यात पोहोचते. पारपत्र तपासणीही गाडीत बसण्यापूर्वीच पूर्ण होते. त्यामुळे विमानाचा वेग अधिक असूनही एकूण वेळेची बचत बहुधा रेल्वेनेच होते.

वेळापत्रक वाचताना एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. दोन्ही देश उन्हाळी वेळ एकाच क्षणी बदलत असल्याने हा फरक वर्षभर कायम राहतो. उदाहरणार्थ, लंडनहून सकाळी १० वाजता सुटणारे विमान पॅरिसला १२ वाजून २० मिनिटांनी पोहोचणार असल्यास, प्रत्यक्ष प्रवास एक तास २० मिनिटांचाच असतो. परतीच्या प्रवासात तितक्याच वेळेत, १० वाजता निघालेले विमान घड्याळानुसार १० वाजून २० मिनिटांनी उतरते. पुढील गाडी किंवा विमान गाठावयाचे असल्यास हा एक तास न धरल्याने नियोजन चुकू शकते.

फ्रान्स शेंगेन क्षेत्रात आहे, ब्रिटन नाही. म्हणून दोन्ही शहरांना पर्यटनासाठी भेट देऊ इच्छिणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांना सर्वसाधारणपणे दोन स्वतंत्र व्हिसा घ्यावे लागतात.