शेवटच्या कडव्यातलं नाव

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातलं गाणं तबकडीवर चढू लागलं. तेव्हाच्या तबकड्यांवर गौहरजान गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगते. आज ऐकताना गंमत वाटते, पण कारण साधं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. हे गाणं कुणाचं, ते तिथल्या कामगारांना कळायला हवं ना! कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

श्रोतेहो, गाण्याच्या शेवटी नाव सांगणं आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला नवं नव्हतं. लावणी असो की पोवाडा, रचणारा शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. कधी गुरूचं, कधी गावाचंही. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६-१९४५) घरचं कुळकर्णपण सोडून तमाशात गेले, पवळाबाईंसोबत फडावर उभे राहिले आणि ‘पठ्ठे बापूराव’ झाले. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याही तोंडी हे नाव बसलं ते त्या शेवटच्या कडव्यामुळे. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

आता तबकडीकडे वळू. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून गायचं. आवाजाच्या कंपनानं सुई मेणावर रेघ ओढी. त्यासाठी खणखणीत आवाज लागे, आणि उघड्या माळावर शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा तमासगिराचा गळा तर कर्ण्याला पुरून उरणारा! अडचण होती ती वेळेची. दहा इंची तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपे. गण, गौळण, बतावणी आणि वग म्हणजे अख्ख्या रात्रीचा ऐवज. तो त्या तीन मिनिटांत कुठं बसायचा?

नाट्यपद बसलं. नागठाण्याच्या बालगंधर्वांची पदं तबकड्यांवरून घराघरांत गेली. ख्यालही बसवला गेला. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका. तेवढ्याशा वेळात राग पुरता उभा राहतो. ख्यालात शब्द मोजके असतात, म्हणून हे साधतं. पोवाड्यात मात्र हकिकत असते. चार कडवी गाळली की ती लंगडते, आणि शेवटचं कडवं गळालं की रचणाऱ्याचं नावच पुसलं जातं.

वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे (१९२३-२०१५) यांनी तबकडीचं हे माप ओळखून लोकगीत शहरी घरांत नेलं. त्यांच्या आवाजातलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९६० पासून गाजतं आहे. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं. ते राजा बढे यांनी लिहिलं आणि श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलं, हे किती जणांना चटकन सांगता येईल? गाणाऱ्याचा आवाज तबकडीनं जपला. लिहिणाऱ्याचं नाव मात्र आपणच जपायचं असतं.

तुमच्या गावात अजून कुणी म्हातारं माणूस जुनी लावणी अखेरपर्यंत म्हणत असेल, तर मोबाइलवर ती मुद्रित करा. आता तीन मिनिटांची अट नाही. मात्र अर्ध्यात थांबवू नका. नाव शेवटी येतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)