पेगन : एका शब्दाचा अर्थप्रवास

लॅटिनमध्ये ‘पागुस’ म्हणजे ग्रामीण परगणा आणि ‘पागानुस’ म्हणजे तिथला रहिवासी. ख्रिस्ती धर्म आधी शहरांत रुजला, खेडी जुन्या देवांना धरून राहिली, म्हणून ‘खेडवळ’चा अर्थ ‘अख्रिस्ती’ झाला, अशी उपपत्ती सांगतात. पाचव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती इतिहासकार ओरोसिअसने ती दिली, म्हणून तिला वजन आले. पण ती पुरती पटत नाही. रोमन कायद्यात हा शब्द धार्मिक अर्थाने इ. स. ३७० च्या सुमारास येतो, आणि तेव्हा जुन्या धर्माचे खंदे पाठीराखे खुद्द रोमच्या सिनेटमध्ये बसत होते. विजयादेवीची वेदी सिनेटगृहात पुन्हा बसवावी म्हणून ३८४ मध्ये सम्राटाकडे रदबदली करणारा सिमाकस हा रोमचा नगरप्रमुख होता. त्याला खेडवळ कोण म्हणेल? दुसरी उपपत्ती लष्करी आहे. सैनिकांच्या बोलीत पागानुस म्हणजे बिनलष्करी माणूस, आणि ख्रिस्ती लोक तर स्वतःला ख्रिस्ताचे सैनिक म्हणवत. यावर आक्षेप असा की तिसऱ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती लेखक तर्तुलियन हाच शब्द बिनलष्करी ख्रिस्ती माणसालाही लावतो. आक्षेप खरा आहे, पण त्यातून एवढेच दिसते की शब्दाचा गाभा ‘आपल्या गटाबाहेरचा’ हा होता. गट कोणता, हे बोलणारा ठरवी.

पुढचा इतिहास याला दुजोरा देतो. इ. स. ११०० च्या सुमाराच्या फ्रेंच वीरकाव्यात, ‘रोलांगीता’त, कट्टर एकेश्वरवादी मुसलमानांनाही पेगन म्हटले आहे आणि वर त्यांच्या माथी तीन मूर्तींची पूजा मारली आहे, त्यांतली एक चक्क अपोलोची! उपासनापद्धतीशी शब्दाला देणेघेणे नव्हते, याहून मोठा पुरावा नको.

विसाव्या शतकात काही युरोपीय लोकांनी हे नाव आपणहून स्वीकारले. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० जणांनी आपला धर्म ‘पेगन’ नोंदवला. तेव्हा आता तरी शब्दाला स्वतःचा आशय आला, असे म्हणता येईल. आला आहे, पण तो आधुनिक आहे, मागे लावता येत नाही. ज्युपिटरला बळी देणारा रोमन स्वतःला पेगन म्हणवत नव्हता; म्हणूनच अनेक इतिहासकार आज त्याच्यासाठी ‘बहुदेवपूजक’ हा शब्द पसंत करतात.